मागची गाडी

"चेन कोणी उघडी ठेवल्यान ही?" असं पुटपुटत बाबलीनं निळी सॅक पिकअपमध्ये टाकायला उचलली, आणि तिच्या बाजूच्या खिशातून गोळ्यांचं एक पाकीट घसरून त्याच्या पायावर पडलं.

सॅक त्याच्या मुलीची होती, क्षमाची. आणि ते पाकीट ओळखायला बाबलीला चष्मा लागत नव्हता. म्हापशाच्या औषधाच्या दुकानातून ह्याच गोळ्या तो वर्षानुवर्षं आणत आला होता. सकाळी एक, रात्री एक. जेवण चुकलं तरी चालेल, ही चुकता कामा नये. त्यानं पाकीट उलटं करून पाहिलं. मागचा चंदेरी कागद जसाच्या तसा सपाट होता. एकही गोळी फोडलेली नव्हती.

म्हणजे काल रात्रीची नाही. आज सकाळचीही नाही.

जांबोटीच्या त्या लॉजपुढे अजून नीट उजाडलं नव्हतं. डिसेंबरची थंडी होती, धुकं अंगणात उतरलं होतं आणि त्यात दहा-बारा सायकलवाले चाकांत हवा भरत, हेल्मेटचे पट्टे आवळत उभे होते. काल सकाळी मांद्र्याहून निघून, चोर्ल्याचा घाट चढून ही मंडळी इथं मुक्कामाला आली होती. आज त्याच वाटेनं परत. काल चढलेला घाट आज उतरायचा होता. क्षमा पलीकडे ग्रुपमधल्या तेजस्विनीशी काहीतरी बोलत हसत होती. रात्रीही बायकांच्या खोलीतून हसण्याचे आवाज उशिरापर्यंत येत होते. बाबली गाडीत झोपला होता, त्याला ऐकू आले होते. गोळी चुकवायची नाही आणि झोप मोडायची नाही, एवढ्या दोनच गोष्टी बांबोळीच्या मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी बजावून सांगितल्या होत्या.

पाकीट मुठीत धरून तो तिच्याकडे गेला.

"क्षमा, जरा हंय ये गो."

"आता नको पप्पा. निघतत सगळे."

"एकच मिनिट."

तिची नजर त्याच्या मुठीकडे गेली. चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण डोळे बदलले. आजूबाजूच्या माणसांवरून एकदा नजर फिरवून तिनं मान अगदी हलकेच हलवली. इथं नको. तेवढ्यात पुढून देवेशची शिटी वाजली, आणि ती सायकलवर टांग टाकून धुक्यात निघूनही गेली.

देवेश म्हणजे ह्या सायकल ग्रुपचा म्होरक्या. पेडण्यात एका बँकेत नोकरी करायचा, माणूस शिस्तीचा. बरोबर सामानाची गाडी हवी म्हणून तो चालक शोधत होता, तेव्हा बाबली आपणहून पुढे झाला होता. "सर, मी येतो. पैशांचं काय ते बघू नका." पार्श्यातल्या शंभूची नारळ वाहायची पिकअप त्यानं दोन दिवसांसाठी मागून आणली. देवेशला वाटलं, भला माणूस आहे, मुलीच्या हौसेसाठी करतो. खरं कारण बाबली पार्सेकराच्या घरातली तीनच माणसं जाणून होती.

बाबली पार्श्याच्या हायस्कुलात बालरथ चालवतो, म्हणजे मुलांना आणणारी-नेणारी शाळेची बस. क्षमा पाचवीत होती तेव्हा एकदा त्याच्याच बसमध्ये, तुयेच्या उतारावर, ती सीटवरून खाली कोसळली. हातपाय ताठ, डोळे फिरलेले, तोंडाला फेस. पोरं किंचाळत मागं पळाली. बाबलीनं बस थांबवली आणि त्याला काय सुचलं, तर गाडीची किल्ली तिच्या मुठीत कोंबली. लोक सांगतात ना, लोखंड धरायला द्यावं. तिची मूठ वळलेली होती, किल्लीनं तळहात सोलून निघाला. दुसऱ्या दिवशी दोन बायका शाळेत येऊन सांगून गेल्या की आमच्या मुलांना तिच्या शेजारी बसवू नका. तेव्हापासून दहावी होईपर्यंत क्षमा बसमध्ये पुढं, ड्रायव्हरच्या बाजूला बसली. गाडी चालवता चालवता बापाचा एक डोळा रस्त्यावर आणि एक तिच्यावर.

देव झाले, देवस्की झाली, मग बांबोळी झाली. गोळ्यांनी गुण आला. शेवटची फीट आली ती बारावीत. आता ती म्हापशाला चष्म्याच्या दुकानात कामाला जाते, आपल्या पगारातून तिनं जुनी सायकल घेतली, आणि "ग्रुपबरोबर चालवायला हरकत नाही, औषध मात्र चुकवू नको," असं डॉक्टरांनी स्वतः सांगितलं. ग्रुपमध्ये तिनं कोणाला काही सांगितलं नव्हतं. "तुमीय सांगू नकात," असं तिनं आईबापाला बजावलं होतं.

पिकअप सगळ्यांच्या मागं ठेवायची, हा देवेशचा नियम. शेवटच्या माणसाला ओलांडून पुढं जायचं नाही. शेवटी होते डिचोलीचे एक जाडजूड काका, ते प्रत्येक वळणावर ब्रेक दाबत, बेताबेतानं चालले होते. क्षमा होती पुढच्या घोळक्यात. धुक्यातून तिचं पिवळं जॅकेट मध्येच दिसायचं, मध्येच विरून जायचं. बाबली स्टिअरिंगवर पुढं वाकून काच पुसत राहिला. काच आतून कोरडी होती, धुकं बाहेर होतं, तरी तो पुसत होता.

त्यानं तिला फोन लावला. रिंग वाजली ती त्याच्या पाठीमागे, सामानात, निळ्या सॅकमध्ये.

कणकुंबीजवळ सगळे चहाला थांबतील, तिथं तिला गाठू, असं त्यानं ठरवलं. पण तो पोचला तोवर पुढची मंडळी चहा पिऊन निघालीसुद्धा होती. टपरीवाल्याच्या फळीवर रिकामे ग्लास तेवढे होते.

"पुढं गेली काय ती पिवळ्या जॅकेटवाली मुलगी?" त्यानं विचारलं.

"गेली की."

"काय खाल्लं तिनं?"

टपरीवाल्यानं त्याच्याकडे जरा विचित्र नजरेनं पाहिलं. "नाही बघितलं, साहेब."

तिथं मोबाईलला एकच दांडी होती. त्यानं घरी लावला. बायकोनं, कमलाक्षीनं उचलला.

"अगो, ऐक. क्षमान गोळ्यो घेवक नाय. पाकीट माझ्या हातात आसा, एकय फोडूक नाय."

"खयचा पाकीट?" पलीकडून कमलाक्षी म्हणाली. "अहो, ता पाकीट मी..."

आणि आवाज तुटला. "हॅलो? हॅलो?" तो ओरडत राहिला. दांडी गेली ती गेलीच. फोन उंच धरून तो रस्त्याच्या ह्या कडेला, त्या कडेला गेला. काका एव्हाना दिसेनासे झाले होते. शेवटी त्यानं फोन खिशात घातला आणि गाडी हाणली.

चोर्ले गाव मागं पडलं आणि उतार सुरू झाला. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी, आणि दरीच्या कडेला गुडघाभर उंचीचा कठडा, तोही कुठे आहे कुठे नाही. धुकं खालून वर येत होतं. समोरून मालट्रक दिवे लावून घरघरत चढत होते. बाबलीला ह्या रस्त्याचं काही नवल नव्हतं. पण आज प्रत्येक वळणापाशी त्याचा पाय ब्रेकवर जायचा आणि नजर कठड्यापलीकडे. त्याला दिसत होतं ते असं: पिवळं जॅकेट, सायकल भरधाव, आणि त्या वेगात तिचे डोळे एकाएकी एका जागी खिळलेले. सायकलवर बसलेल्या माणसाला फीट आली तर सायकल थांबत नाही. ह्या एका विचाराच्या पुढं त्याचं डोकं जातच नव्हतं.

आणि मग एका मोठ्या वळणावर ती दिसली. एकटीच. कठड्याला लागून सायकल उभी, एक पाय जमिनीवर, तोंड दरीकडे. डावा हात खाली सुटलेला. आणि त्या हाताची बोटं अंगठ्यावर घासत होती, मीठ चोळावं तशी.

 फीट येण्याआधी ती लहानपणी अशीच करायची. आधी नजर एका जागी खिळायची, मग डाव्या हाताची बोटं अशी चोळली जायची, आणि मग ती पडायची. किती वेळा पाहिलं होतं त्यानं. कठडा तिच्या गुडघ्याला लागत होता.

पिकअप त्यानं रस्त्यात तिरकी सोडली. दार उघडंच टाकून तो धावला, तिला कमरेला धरून सायकलीसकट मागं ओढली. दोघंही रस्त्यावर आपटली. "क्षमा! बाय! बाय गो!"

क्षमा दचकून किंचाळली. तिची किंकाळी दरीत घुमली आणि पुढच्या वळणापलीकडचे सगळे सायकली वळवून परत चढून आले. सर्वांत पुढं देवेश, धापा टाकत.

"काय झालं? बाबलीबाब, काय झालं?"

आणि बाबलीनं सांगून टाकलं. एका दमात, सगळ्यांसमोर. "सर, तिला फीट येते. लहान होती तेव्हापासून. बसमध्ये पडली होती माझ्या. गोळी घेतलेली नाही तिनं, काल नाही, आज नाही. तिला खाली सोडू नका, सर. पाया पडतो तुमच्या." आणि तो खरोखरच वाकला.

 आडव्या पडलेल्या सायकलचं मागचं चाक तेवढं टिकटिक करत फिरत होतं.

क्षमा उठून उभी राहिली. कोपर खरचटलं होतं. तिचे डोळे स्वच्छ होते, अगदी जागेवर होते. बाबलीला ते दिसलं.

"पप्पा," ती म्हणाली, "हात बधिर झालो होतो माझो. ब्रेक धरून धरून. चोळी होतंय मी."

"आणि गोळ्यो?"

तिनं सायकलच्या दांड्याला बांधलेल्या छोट्या पाऊचची चेन ओढली. आतून दुसरं पाकीट काढलं आणि त्याच्यापुढं धरलं. वापरातलं, चुरगळलेलं.

"रात्रीची घेतलंय. सकाळची घेतलंय. तुझ्या हातातला पाकीट आयेन जादाचा म्हणून कोंबल्यान सॅकीत."

एवढं बोलून तिनं पाकीट परत ठेवलं आणि चेन ओढली. ती रडली असती, ओरडली असती तर बाबलीला बरं वाटलं असतं.

देवेश वाईट माणूस नव्हता. त्यानं तिला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात म्हणाला, "क्षमा, हे मला आधी सांगायला हवं होतंस."

"सांगितलं असतं तर घेतलं असतंत मला, सर?"

देवेशनं पिकअपकडे बोट केलं. "आता गाडीत बस. हा घाट आहे. काही झालं तर मी कोणाला तोंड दाखवू?"

बाबली मध्ये पडला. "सर, घेतल्या आहेत तिनं गोळ्या. डॉक्टरांनीसुद्धा हो म्हटलं आहे. चूक माझी झाली. उतरू द्या तिला."

"बाबलीबाब," देवेश म्हणाला, "आत्ताच तुम्ही माझ्या पाया पडत होता ना?"

 दोघांनी मिळून क्षमाची सायकल पिकअपवर चढवली. तेजस्विनी, जी काल रात्रभर तिच्याबरोबर खिदळली होती, ती जवळ आली आणि तिनं क्षमाचं कोपर धरलं, म्हाताऱ्या माणसाला आधार द्यावा तसं. "क्षमा," एकेक शब्द सुटा करून ती मोठ्यानं म्हणाली, "पाणी... हवं... का तुला?"

"माका ऐकू येता गो," क्षमा म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली. पुढं, ड्रायव्हरच्या बाजूला.

 केबिनमध्ये नारळाच्या सोडणाचा वास भरला होता. धुकं विरळ होत गेलं, खाली अंजुण्याच्या धरणाचं पाणी चमकायला लागलं. पुढं सायकलवाले एकामागोमाग एक वळणं घेत, वाऱ्यावर ओरडत उतरत होते. क्षमा त्यांच्याकडे बघत होती.

केरी आलं तेव्हा बाबलीनं तोंड उघडलं. "मी भियेलंय गो."

"तू कधी भियेवक नाय, ता सांग."

"तुका कळाचा नाय. तू पडतंस तेव्हा तुका काय दिसत नाय. आमका दिसता."

हे तिला लागलं असावं.  मग बाहेर बघतच म्हणाली, "काल चढावर माझो दम गेलो, तेव्हा ते डिचोलीचे काका माका काय म्हणाले, म्हायत आसा? म्हणाले, चल गे आळशी, पाय चालव. तेजस्विनीन माका शिव्यो घातल्यान, तिच्या वाटणीची केळी खाल्लंय म्हणून. दोन दिवस झाले पप्पा, एकान माका विचारूक नाय, बरी आसस मां म्हणून. एकानसुद्धा. माका इतक्या बरा वाटला..." तिनं खरचटलेलं कोपर पुसलं. "आता सगळे विचारतले."

बाबलीनं गियर बदलला. काही गरज नव्हती तरी बदलला.

"मी सांगतंय देवेशाक परत," तो म्हणाला.

"काय सांगतलंस? जा सांगितलंस ता काय परत गिळतलंस?"

साखळी गाव मागं पडलं. दुपारी डिचोलीत, बसस्टँडजवळच्या एका हॉटेलात सगळे जेवायला थांबले होते. पिकअप लागली तेव्हा आत बसलेल्यांचं बोलणं एकदम थांबलं, ते बाबलीला बाहेर ऐकू आलं. डिचोलीचे काका उठून आले आणि क्षमाला म्हणाले, "ये बाळ, बस हां. सावलीत बस." आळशी म्हटलं नाही. एकानं खुर्ची पुसून दिली. भाजीपाव तिच्यापुढं सर्वांच्या आधी आला.

क्षमानं ताटलीला हात लावला नाही. ती उठली, बाहेर आली, पिकअपचा मागचा फाळका तिनं पाडला आणि एकटीनं सायकल खाली उतरवली. देवेश उष्ट्या हातानं धावत आला.

"क्षमा, असं करू नको. जबाबदारी माझ्यावर आहे."

"तुमच्यावर नाही, सर. मी तुमच्या ग्रुपबरोबर जात नाही आता. मी डिचोलीहून पार्श्याला माझ्या घरी चालले आहे, सायकलनं. रस्ता सगळ्यांचा आहे."

"बाबलीबाब, तुम्ही सांगा हिला!"

सगळे बाबलीकडे बघायला लागले. हॉटेलवालासुद्धा. रस्त्यावरून खनिजाचे ट्रक एकामागून एक चालले होते; खाणी परत सुरू झाल्यापासून मुळगावच्या बाजूला लाल धूळ खाली बसतच नव्हती. रात्रीची झोप अपुरी, सकाळचा तो धक्का, पोटात अन्न नाही, आणि वर हे ऊन. बाबलीला सगळं दिसत होतं. एक शब्द बोलायचा अवकाश, देवेशनं सायकल धरली असती. क्षमा हँडल धरून उभी होती. ती विनवणी करत नव्हती. बाप काय म्हणतो ते ऐकायला उभी होती फक्त.

"बाय," तो म्हणाला, "मगे काय तरी खाऊन जा."

देवेशनं कपाळावर हात मारला. क्षमा आत गेली, उभ्याउभ्याच एक पाव खाल्ला, पाणी प्याली. आणि निघताना ती बाबलीजवळ थांबली.

"तू फुडे जा, पप्पा. मागसून येव नको."

"बरा."

"खरा सांग."

"गेलंय म्हण."

आणि तो पुढं निघाला. जन्मात कधी गाडी चालवायला त्याला इतके कष्ट पडले नव्हते. मुळगावचा रस्ता, बाजूची शेतं धुळीनं तांबूस झालेली. आरशात नुसते ट्रक. एका ट्रकनं मागून भोंगा वाजवला तेव्हा बाबलीला कळलं की आपण बैलगाडीच्या वेगानं चाललो आहोत. त्यानं वेग वाढवला. वाढवला की वाटायचं, आपण तिच्यापासून लांब चाललो. त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. फोन त्यानं समोर ठेवला होता. तो वाजू नये असंही वाटत होतं, आणि वाजत का नाही असंही.

अस्नोड्याच्या अलीकडे समोरून अँब्युलन्स आली. सायरन वाजवत, ट्रकना बाजूला सारत, डिचोलीच्या दिशेनं निघून गेली.

बाबलीनं गाडी कडेला घेतली. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसला. ती कोणासाठीही असू शकते, त्यानं मनाला समजावलं. एवढे लोक आहेत जगात. मन ऐकेना.  "गेलंय म्हण," असं आपण तिला सांगितलं आहे. पण शब्द दिला होता तो सायरन ऐकायच्या आधी.

त्यानं पिकअप वळवली.

मैलभर गेला असेल, तोच रस्त्याच्या टोकाला धुळीत पिवळा ठिपका दिसला. बाबलीला पुढं काय करावं ते कळेना. मग जे सुचलं ते त्यानं केलं: बाजूच्या कच्च्या वाटेत गाडी घातली आणि एका बसथांब्याच्या शेडमागं उभी केली. अख्खी पिकअप काही शेडमागं मावत नव्हती. मागचा भाग बाहेरच राहिला, सामानावरच्या निळ्या ताडपत्रीसकट. तो खाली वाकून बसला, चोरासारखा.

क्षमा आली. कडेच्या पांढऱ्या रेघेला धरून, एका लयीत पाय मारत. मागून ट्रक आला तशी तिनं रेघ सोडून आणखी आत घेतलं, ट्रक जाऊ दिला, परत रेघेवर आली. घाबरीघुबरी नाही, काही नाही. चेहरा धुळीनं लाल. तिनं मान वळवली नाही. शेडमागची गाडी तिनं पाहिली की नाही, हे बाबलीला आजवर कळलेलं नाही, आणि विचारायची त्याची छाती झालेली नाही.

ती पुढं गेली, आणि तिच्यामागं आणखी एक सायकल आली. तेजस्विनी. जेवण टाकून निघाली असणार. 

"ए क्षमे!" ती जिवाच्या आकांतानं ओरडत होती. "मेले, हळू चल गो! कोण मागं लागलंय तुझ्या? माझे पाय गेले!"

बाबली वाकलेला होता तसाच राहिला. ती शिवी ऐकून त्याला वाटलं, ह्या पोरीला उभ्या रस्त्यात नमस्कार करावा. अँब्युलन्स कोणासाठी गेली असेल, हे मग त्याच्या मनात आलं. त्या अनोळखी माणसाच्या घरच्यांसाठी त्यानं मनातल्या मनात हात जोडले. त्या दोघी दिसेनाशा झाल्यावर त्यानं गाडी काढली, थिवीकडून लांबचा वळसा घेऊन कोलवाळच्या पुलावर आला आणि त्यांच्या आधी घरी पोचला.

क्षमा घरी आली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. कमलाक्षीनं उंबऱ्यातच विचारलं, "फोन कित्याक तुटलो गो तुझ्या बापाशीचो? मी हंय मेलंय काळजीन. सगळा बरा झाला मां?"

क्षमानं बाबलीकडे एकदा पाहिलं. तो ओट्यावर बसला होता, बायकोला अजून काही न सांगता.

"बरा झाला," ती म्हणाली. "आंघोळीक पाणी आसा?"

त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही, त्यानंही नाही. महिन्याभरानं देवेशचा फोन आला. मालवणला जायचं ठरतंय, रस्ता सोपा आहे, पिकअप घेऊन याल का?

"क्षमाला विचारलंत, सर?" बाबलीनं विचारलं.

 "बाबलीबाब, तुम्हीच सांगितलंत ना सगळ्यांसमोर. सगळ्यांना माहीत असताना मी कसा नेऊ तिला? उद्या काही झालं तर?" त्याच्या आवाजात कडवटपणा नव्हता. त्याचंही खोटं नव्हतं.

"गाडी मिळत नाही, सर, शंभूची," बाबली म्हणाला आणि फोन ठेवला. शंभूला त्यानं विचारलंसुद्धा नव्हतं.

आता क्षमा रविवारी एकटीच सायकल काढते. कधी तेजस्विनी येते, कधी येत नाही. कधी मांद्र्याच्या बाजूनं जाते, कधी कोलवाळच्या पुलापर्यंत. कुठे जाते ते सांगते, केव्हा येईन ते सांगत नाही. बाबली विचारत नाही. ती निघते तेव्हा तो अंगणात असतो. ती फाटक लावून घेते आणि तो तिकडे पाहत नाही.

मग तो विहिरीवरून पाणी आणतो आणि दारात उभा असलेला बालरथ धुवायला काढतो. आधी काचा, मग पत्रा, मग चाकं. मग आत शिरून एकेक सीट पुसतो. कमलाक्षी दारात येऊन उभी राहते.

"अहो, काल संध्याकाळी धुतलात मां ही गाडी?"

बाबली फडकं पिळतो. बाल्दी घेऊन परत विहिरीकडे जातो.